कुंदा पास, मी फेल

तीस वर्षं मी पोरांना इंग्रजी शिकवलं आणि दहावीत मी इंग्रजीतच फेल झाले होते. नोकरीत होते तोवर ही गोष्ट मी लपवून ठेवली. आता पेन्शन सुरू झाली आहे, ती काही या कारणासाठी बंद करणार नाहीत, म्हणून सांगून टाकते. लपवलेलं आणखी एक आहे. ते यापेक्षा वाईट आहे आणि त्यासाठीच हे प्रकरण लिहायला घेतलं आहे. शाळेच्या कपाटात एक जाडजूड शब्दकोश होता, त्याला वाळवीशिवाय कुणी हात लावत नसे. एकदा रिकाम्या तासाला मी त्यात ‘पास’ हा शब्द काढून बघितला. दीड पान भरून अर्थ दिलेले. डोंगरातली खिंड काय, चेंडू दुसऱ्याकडे ढकलणं काय, वेळ जाणं काय, माणूस जाणंसुद्धा. एवढं वाचून मला त्या शब्दकोश करणाऱ्या विद्वानांची कीव आली. बिचारे आमच्या गावात कधी आले नव्हते. आमच्याकडे त्या शब्दाचे जे अर्थ रोजच्या वापरात होते, त्यातले निम्मे त्यांना ठाऊकच नव्हते.

आमचं गाव मूल या तालुक्याच्या गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. समोर धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, मागे जंगल, मध्ये आम्ही. बाबांची थोडी धानशेती होती आणि एक बैलबंडी होती. धान घरात आलं की बंडी जंगलाच्या कामाला लागायची. ठेकेदाराचे बांबू तोडीच्या जागेवरून डेपोत आणायचे. वाटेत जंगलखात्याचा नाका, आणि नाक्यावर पास दाखवायचा. त्याच जंगलातला, त्याच कुऱ्हाडीने तोडलेला बांबू, पास असला की माल आणि नसला की चोरी. बाबांनी जन्मभर हे पाहिलेलं, त्यामुळे कागदावर त्यांची जी श्रद्धा बसली ती कुठल्या देवावर बसली नाही, आणि आमच्या घरात देव तसेही नव्हते. भिंतीवर दोन फोटो होते. एक डोळे मिटून बसलेल्या तथागतांचा, दुसरा निळा कोट घालून हातात पुस्तक धरलेल्या माणसाचा. त्या दुसऱ्या फोटोखाली पत्र्याची एक डबी असायची, तिच्यात बाबा मुदत संपलेले पाससुद्धा जपून ठेवायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, “राहू दे. कागद हाये तं माणूस हाये.”

मायचा पास वेगळा. ती शाळेत एकदाच गेली होती, तीही धाकट्या भावाला पोचवायला. तिच्या लेखी जगात परीक्षा एकच, आणि ती खाटेवर बसलेल्या पाहुण्यांपुढे पाण्याचा गडवा घेऊन जाऊन द्यायची. गडवा सांडला नाही, पदर सरकला नाही, नाव नीट सांगितलं, की पाहुण्यांनी बाहेर जाऊन म्हणायचं, पोरगी पास. तिने स्वतः ही परीक्षा पहिल्या फटक्यात दिली होती आणि त्याचा तिला रास्त अभिमान होता. बाकी गावात चिंचेखाली पत्ते खेळणाऱ्यांचा आणखी एक पास होता. पानं वाईट आली, किंवा पानं चांगली असूनही डोकं चालवायचा कंटाळा आला, की ‘पास’ म्हणून आपली पाळी पुढच्यावर ढकलायची आणि विडी पेटवायची. हा शब्द सगळ्यात जास्त डोमाजीभाऊ वापरायचे. डोमाजीभाऊ म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतले, निळ्या दरवाजाच्या घरातले, माझ्या मैत्रिणीचे, कुंदाचे वडील. मोठा सज्जन माणूस. त्यांनी आयुष्यात कुणाला दुखवलं नाही, कारण कुठल्याच बाबतीत त्यांनी कधी मत दिलं नाही.

दहावीला आमच्या मोहल्ल्यातून दोघीच बसलो, कुंदा आणि मी. निकाल लागला तेव्हा कुंदाला पहिला वर्ग मिळाला आणि मला इंग्रजीत अठ्ठावीस. मी गुणपत्रिका घरी आणली तशी बाबांनी ती नाक्यावरच्या शिपायासारखी उलटसुलट करून पाहिली, शिक्का शोधला, शिक्का सापडला म्हणून थोडे खूश झाले, मग मी सांगितलं की शिक्का फेलवाल्यांनाही देतात. त्या दिवशी लाखोळीच्या डाळीत मायने इतकी चिंच टाकली की जेवताना सगळ्यांचे डोळे बारीक झाले, त्यावरून काय ते समजलं. जेवण झाल्यावर ती हात पुसत म्हणाली, “बरं झालं. आता पाहाले मोकळे झालो.” पाहायला म्हणजे पाहुणे पाहायला. मी भिंतीवरच्या निळ्या कोटाकडे पाहिलं. तो पुस्तक धरून उभा होता आणि त्याच्या खालच्या डबीत जंगलाचे पास होते.

कुंदाचं मात्र वेगळंच सुरू झालं. ती मूलला अकरावीला जाऊ लागली, रोज सकाळच्या बसने, महिन्याच्या पासवर. प्लास्टिकच्या पाकिटात कुंदाचा फोटो, त्यावर गोल शिक्का. तो पास ती कंपासपेटीत ठेवायची आणि कंडक्टर ओळखीचा झाला तरी रोज काढून दाखवायची. मला ते आवडायचं नाही. म्हणजे आवडायचं, पण माझ्याकडे नव्हता ना. संध्याकाळी पाचच्या बसने ती उतरली की बसस्टँडवर घेतलेल्या फुटाण्यांची पुडी माझ्या ओट्यात टाकायची आणि आम्ही तिच्या सपरीत, म्हणजे ओसरीत, बसायचो. मार्चमध्ये मला परत पेपर द्यायचा होता आणि मला पास करायचं काम तिने आपणहून अंगावर घेतलं होतं. पलीकडे चिंचेखाली डोमाजीभाऊ ‘पास, पास’ करत असायचे. कुंदा मला वाक्यं घालायची. “द बस पासेस माय हाऊस. सांग मराठीत.” मी म्हणायची, “बस माझ्या घराले पास करते.” मग ती पोट धरून हसायची. म्हणायची, “अगं पंची, बस तुया घराले कशी पास करन? बस तुया घरासमोरून निघून जाते!” मला त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. रोज सकाळी तेच तर व्हायचं.

आता नाटकाबद्दल सांगायला हवं, कारण पुण्यामुंबईच्या वाचकांना वाटतं की नाटक थेटरात असतं आणि लोक ते पाहून घरी जातात. आमच्याकडे धान कापून पुंजणे, म्हणजे पेंढ्यांचे ढीग, लागले की गावोगाव नाटक होतं. वडशाकडून कंपनी येते, बांध्यांमध्ये मांडव पडतो, दिवसभर भोंगा वाजतो आणि गावातल्या प्रत्येक घरी पाहुणे. मावशीचे दीर, दिरांचे साळे, साळ्यांचे शेजारी. नाटक रात्री, पण पाहुणे सकाळपासून, आणि त्या दिवसाचा एक कायदा आहे. दारात आलेल्या पाहुण्याला तुम्ही कोण, कुणाकडले, कशासाठी आलात, हे विचारायचं नाही. आधी पाणी, मग जेवण, मग पान. विचारलं तर आपल्याला माणसं ओळखता येत नाहीत असा अर्थ होतो, आणि पाहुण्याचाही अपमान. पाहुणाही मग तुमचं नाव विचारत नाही. दोन्ही बाजू एकमेकांना भाऊ-भाऊ म्हणत पोटभर जेवतात आणि नाटकाचं काय ते बोलतात. या कायद्याच्या आडोशाने आमच्या भागातली अर्धी लग्नं ठरतात. नाटकाला म्हणून यायचं आणि पोरगी पाहून जायचं. जमलं तर जमलं, नाहीतर नाटक तरी पाहणं झालं.

त्या वर्षी बाबांच्या बंडीने मांडवाच्या फळ्या आणल्या, म्हणून मंडळाने आम्हाला चार मानाचे पास दिले. गुलाबी कागदाचे, पुढच्या खुर्च्यांचे. बाबांनी त्यातले दोन माझ्या मामाच्या हाती सिंदेवाहीकडच्या एका घरी पाठवले. पोराला कुठल्याशा सरकारी कचेरीत शिपायाची नोकरी होती, आणि नोकरी पर्मनंट होती. पर्मनंट हा आमच्याकडे दुसरा मोठा इंग्रजी शब्द. तो कानावर पडला की माय पोराचा रंग, उंची, स्वभाव काही विचारत नसे. मामाच्या स्वतःच्या गावी त्याच दिवशी नाटक, तेव्हा तो येणार नव्हता. पाहुण्यांनी घर विचारत यायचं ठरलं. मायने पहाटेच मटण आणायला बाबांना पिटाळलं, पाट्यावर मसाला वाटला, उडदाचे वडे तळले, शेजारणीची नवी चादर मागून आणून खाटेवर घातली. मला म्हणाली, “पाणी घेऊन ये अन् आंघोळ कर. आज तुयी परीक्षा हाये.” मी म्हटलं, परीक्षा मार्चमध्ये आहे. तिने वड्याचा झारा उगारला.

मी जुन्या लुगड्याच्या कापडाचा झंपर घालून, विस्कटलेल्या वेणीने बोरिंगवर, म्हणजे हातपंपावर, गेले. माझा गुंड, म्हणजे पाण्याचा हंडा, भरत आला होता तेवढ्यात दोन माणसं आली. एक म्हातारा, पांढरं धोतर, पांढरी टोपी; दुसरा त्याचा थोरला पोरगा असावा, टेरिकॉटचा शर्ट घातलेला. शर्टाच्या खिशातून गुलाबी कागदाचा कोपरा बाहेर आलेला. म्हाताऱ्याने विचारलं, “काय वं पोरी, शामराव बंडीवाल्याचं घर कुठी?”

शामराव बंडीवाला म्हणजे माझे बाबा.

मी आज सत्तरीकडे झुकले आहे आणि त्या क्षणाचा मी इतक्या वेळा विचार केला आहे की आता तो मलाच नाटकातला वाटतो. मी गोंधळले नव्हते. घाबरले होते, पण डोकं जागेवर होतं. मी हात लांब करून म्हटलं, “ते पाहा जी, मागच्या गल्लीत. निळ्या दरवाजाचं.”

म्हातारा म्हणाला, “सुखी राहा.” आणि ते डोमाजीभाऊंच्या घराकडे गेले.

माझ्या मनात काय होतं ते सांगते, माफीसाठी नाही, माहिती म्हणून. मला वाटलं, डोमाजीभाऊ त्यांना काही विचारणार नाहीत, जेवायला घालतील. संध्याकाळी घोटाळा उघडा पडेल, पाहुणे चिडतील आणि चिडलेले पाहुणे सिंदेवाहीला परत जातील. मार्चपर्यंत मला दुसरं कुणी पाहायला येणार नाही. आणि कुंदाचं काय? कुंदाला काय होणार! तिच्याजवळ पहिल्या वर्गाची गुणपत्रिका होती, बसचा पास होता, तिचे बाबा अख्ख्या मोहल्ल्यात सांगत फिरायचे की पोरीले नर्स करतो. बाबांची कागदावरची श्रद्धा माझ्यातही उतरली होती म्हणायची. पास असलेला माल नाक्यावर अडवत नाहीत, एवढंच मला माहीत होतं. माझ्या मागे पाणी भरणाऱ्या बायकापोरींची रांग होती. मी मागे वळून न बघता गुंड उचलला आणि घरी आले.

घरी पोचते तर काय, खाटेवर पाहुणे बसलेले! एक पोट सुटलेला, तेल लावून केस मागे वळवलेला. दुसरा किडकिडीत, सारखी बोटं हलवत असलेला. मला क्षणभर वाटलं की माझं पाप दोन मिनिटांत धुऊन निघालं. मग लक्षात आलं, ही माणसं वेगळीच. पण मायला कोण सांगणार, आणि काय सांगणार?

माय दारातून म्हणत होती, “या जी, बसा. तुमचीच वाट पाहून राह्यलो होतो.”

पोटवाला म्हणाला, “आमची वाट पाहणारं कोणी हाये, हे आयकून लय बरं वाटलं बाई.”

मला आंघोळीला ढकललं, नवी साडी नेसवली, गडवा हातात दिला. मी गडवा घेऊन गेले. बाबा खाकरले. पाहुणे काही विचारेनात तेव्हा बाबांनीच सुचवलं, “पुसा न जी काई, पोरीले पुसा.” पोटवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मटणाच्या पातेल्याकडे पाहिलं, आणि विचारून टाकलं, “गाता येते काय?” बाबा जरा बुचकळ्यात पडले, पण पर्मनंटवाल्यांच्या आवडीनिवडी असतील म्हणून म्हणाले, “येते ना. म्हण वं.” मी बुद्धवंदना म्हटली. मला दुसरं काही येत नव्हतं. किडकिडीत माणसाने डोळे मिटून मांडीवर बोटांनी साथ दिली. वंदना संपल्यावर पोटवाल्याने तिसऱ्यांदा रस्सा वाढून घेतला, वडा त्यात बुडवला आणि जाहीर केलं, “पोरगी पास! आवाज सुरात हाये.” मायने पदराने डोळे पुसले. आपल्या पोटची मुलगी एवढ्या सहज पास होते हे तिने पहिल्यांदाच ऐकलं होतं.

उन्हं उतरल्यावर बाबा तोंड गोड करायला गुळाची भेली घेऊन पाहुण्यांना शोधत निघाले. ते मांडवामागे सापडले. पोटवाला आरशापुढे बसून तोंडाला पांढरी पावडर फासत होता आणि किडकिडीत माणूस पेटीचे सूर लावत होता. कंपनीचा विनोदी नट आणि पेटीवाला. मंडळाने त्यांना सांगितलं होतं, कुठल्याही घरी जा आणि जेवा. त्या नटाने बाबांना वाकून नमस्कार केला. म्हणाला, “भाऊ, बारा वर्षं गावोगाव जेवतो, पण तुमच्यासारखी सरबराई कुठी झाली नाई.” बाबा भेली घेऊन परत आले आणि ओट्यावर बसून राहिले.

तेवढ्यात डोमाजीभाऊ हातात साखरेची वाटी घेऊन आमच्या दारात. “शामराव, तोंड गोड कर. आमच्या कुंदाचं जमलं. पर्मनंटवाला हाये, सिंदेवाहीकडचा. घरबसल्या चालून आले, पाहा!”

बाबांचा साखरेला गेलेला हात तसाच राहिला. मग जे व्हायचं ते झालं. बाबा त्यांच्याबरोबर गेले, माय गेली, मीही मागून गेले. निळ्या दरवाजात मोहल्ल्यातली चार वडीलधारी माणसं जमली. म्हाताऱ्या पाहुण्याने टोपी काढून डोकं खाजवलं. “आमी तं शामरावचंच घर समजून आलो जी. आमाले कोणी काई पुसलं नाई, आमी कोणाले काई पुसलं नाई.” कायदा मोडला नव्हता, तेव्हा कुणाची चूक काढणार? सगळे म्हणाले, चुकामूक झाली. चुकामूक हा शब्द इतका सोयीचा आहे की मीसुद्धा मान हलवली. मग तो म्हातारा म्हणाला, “पण आता साखर वाटून झाली. अन् खरं सांगू? आमाले हेच पोरगी पास हाये. अकरावीवाली हाये. आमी काऊन नाई म्हणाव?”

सगळ्यांनी डोमाजीभाऊंकडे पाहिलं. त्यांच्या हातात हुकमाची सगळी पानं होती. पोरगी शिकते आहे, आम्ही पाहायला बोलावलंच नव्हतं, आत्ता नाही, एवढं म्हणायचं होतं. डोमाजीभाऊंनी विडी काढली. “मले काय जी,” ते म्हणाले, “तुमी पंच म्हणान तसं.”

कुंदा आतल्या दारात उभी होती. तिच्या हातात अजून गडवा होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मांडवाकडे पाहिलं. भोंग्यावर घोषणा चालू होती की पासवाल्यांनी पुढच्या खुर्च्यांवर बसावं.

लग्न माघात झालं. बाबा महिनाभर डोमाजीभाऊंशी बोलले नाहीत, पोरगा गेला म्हणून नाही, मटण नटाने खाल्लं म्हणून. कुंदाच्या बसच्या पासची मुदत संपायला बारा दिवस बाकी होते. लग्नानंतर चार-सहा दिवस सकाळची बस आमच्या स्टॉपवर थांबून हॉर्न वाजवायची, मग कंडक्टर डोकं बाहेर काढून विचारायचा, “ते पोट्टी कुठी गेली?” मग बस थांबेनाशी झाली.

मला मात्र पुढच्या नाटकापर्यंत मोकळीक मिळाली, कारण ज्या घरचा पाहुणा चुकतो त्या घरी त्या मोसमात दुसरा पाहुणा येत नाही. बाबांनी फॉर्म भरू दिला. कुंदाच्या आईने तिच्या वह्या मला आणून दिल्या, म्हणाली, “तिले आता काय कामाच्या?” प्रत्येक पानावर कुंदाच्या गोल अक्षरात अर्थ लिहिलेले. त्या वह्या वाचून मी मार्चमध्ये इंग्रजीत छत्तीस मार्क मिळवले. बाबांनी ती गुणपत्रिका जंगलाच्या पासांबरोबर डबीत ठेवली. पुढे डी.एड., पुढे अहेरीकडे नोकरी. तिथल्या गोंडी बोलणाऱ्या पोरांना मी इंग्रजी शिकवायची आणि ती पोरं मला विचारायची, बाई, पास झालं की काय होते? मी फळ्याकडे तोंड करून म्हणायची, पुढच्या वर्गात जाते. सत्य होतं, पण सगळं नव्हतं.

कुंदाचं काही वाईट झालं नाही, हे मला लोक आवर्जून सांगत आले आहेत. नवरा भला, दारू नाही, मारहाण नाही, पेन्शन आहे, दोन मुलगे मार्गी लागले. हे सगळं खरं आहे. तिने पुन्हा पुस्तक हातात घेतलं नाही, हेही खरं आहे, पण ते कुणी सांगत नाही, कारण ते कुणाला वाईट वाटत नाही. आम्ही लग्नाकार्यात भेटायचो. ती मला सगळ्यांसमोर मॅडम म्हणायची. मी तिच्या नातवंडांना पेनं वाटायची. पेनांचा डबा माझ्याकडे कायम भरलेला असे.

गेल्या जूनमध्ये ती मूलला, निवृत्तीनंतर मी राहते त्या घरी आली. बरोबर नात, सोळा वर्षांची, चष्मा, हातात मोबाइल, रेंज शोधत बाहेरच्या ओट्यावर गेली. नातीला अकरावीला घातलं होतं आणि तिचा बसचा पास काढायचा होता. आता तो ऑनलाइन निघतो, म्हणजे आधी जे काम एका खिडकीवर होत नसे ते आता तीन ठिकाणी होत नाही, आणि कागदी फॉर्म तरीही भरावा लागतोच. मी चहा ठेवला. चहात साखर टाकताना माझ्या तोंडून निघून गेलं. इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य होतं, पण बोलले ते भलतंच. म्हटलं, “कुंदे, त्या दिवशी बोरिंगवर त्या पाहुण्यायनं मले घर पुसलं होतं. आमचं. मी तुमचं दाखवलं.”

कुंदा चहाकडे पाहत होती. “मले माहीत हाये,” ती म्हणाली.

“कसं?”

“मी तुया मागंच उभी होती. रांगेत. गुंड घेऊन.”

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला नाही, तिनेच उठून केला. मी म्हटलं, “मग बोलली काऊन नाई? घरी जाऊन सांगाचं होतं.”

“मले वाटलं, बाबा नाई म्हणन.” तिने फडकं घेऊन ओटा पुसायला सुरुवात केली. माझ्या घरात, माझा ओटा. “तुले पण तसंच वाटलं असन. मी रांगेत उभी राहून म्हटलं, बरी वाचली पंची. हसू आलं मले. मग घरी गेली तं माय म्हणे, लुगडं नेस.” फडकं फिरवत ती पुढे म्हणाली, “दोन वर्षं तुयाशी बोलली नाई मी. तुले समजलंही नाई. तू डी.एड.ले होती.”

मला खरंच समजलं नव्हतं. ती संसारात रमली असेल असं मी धरून चालले होते. रमली असेल, हाही आमच्याकडचा सोयीचा शब्द. मी रडले, आणि या वयात रडण्यात शोभा नसते तरी पुष्कळ वेळ रडले. कुंदा रडली नाही. तिने फडकं पिळून खिडकीत वाळत घातलं, पदराला हात पुसले, आणि पर्समधून पासचा फॉर्म आणि नातीचा पासपोर्ट साइझ फोटो काढून माझ्यापुढे ठेवला. फोटोत पोरगी अगदी कुंदासारखी, चष्मा सोडला तर.

“भर फॉर्म,” ती म्हणाली. “अन् एक आयक. नाटकं सुरू झाली का इले पाहाले येतीन लोकं. घर पुसतीन. या वेळी तुमचं दाखवू नको, आमचं दाखवू नको. बसस्टॉप दाखवजो.”

मी चष्मा लावला आणि नाव लिहायला घेतलं.